गव्हाणीपाशी थांबणारा कायदा

उत्तराखंडने २०१८ मध्ये औद्योगिक भांगेच्या, म्हणजे बाजारात ‘हेम्प’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पिकाच्या, व्यावसायिक लागवडीला परवानगी दिली. असे पाऊल उचलणारे ते देशातले पहिले राज्य. जानेवारी २०२५ मध्ये हिमाचल प्रदेशच्या मंत्रिमंडळाने पालमपूर आणि नौणी येथील विद्यापीठांकडे या लागवडीचा पथदर्शी अभ्यास सोपवला. दोन्ही राज्यांत चर्चा आहे ती धाग्याची, तेलाची, औषधांची आणि महसुलाची. धागा आणि तेल काढून झाल्यावर उरलेल्या पाल्याचे आणि पेंडीचे काय करायचे, हा प्रश्न त्या चर्चेत अभावानेच येतो. मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चाराटंचाईच्या देशात शेतात उरलेली कोणतीही खाण्याजोगी वस्तू अखेर कुणाच्या तरी गव्हाणीत पोहोचतेच.

ही टंचाई किरकोळ नाही. झाशीच्या भारतीय गवताळ प्रदेश व चारा संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार देशात हिरव्या चाऱ्याची तूट सुमारे ११ टक्के, सुक्या चाऱ्याची २३ टक्के आणि पेंड-भरड्यासारख्या खुराकाची जवळजवळ २९ टक्के आहे. २०१९ च्या पशुगणनेत गाई-म्हशींच्या वर्गातील जनावरांची संख्या ३० कोटींच्या वर भरली. डोंगराळ उत्तराखंडात चारा आणण्याचे काम बायकांच्या डोक्यावर आहे. ते ओझे हलके करण्यासाठी तिथल्या सरकारला मुरघास पुरवणारी ‘घसियारी कल्याण योजना’ आणावी लागली. अशा प्रदेशात भांगेचा पाला वाया जाऊ दिला जाईल, ही अपेक्षा भाबडी ठरेल.

आधी एक खुलासा. ताग, बोरू आणि अंबाडी या आपल्याकडील धाग्याच्या पिकांची भांगेशी गल्लत होते. इंग्रजी नावांतील साम्यामुळे ती अधिकच वाढते. येथे विषय आहे तो खुद्द भांगेच्या झाडाचा. त्याच्या फुलांत व पानांत ‘टीएचसी’ हे नशा आणणारे द्रव्य असते. बियांच्या आत ते जवळजवळ नसते; बियांवर आढळते ते मुख्यतः फुलांच्या चिकट स्रावातून लागलेले. कुमाऊँ-गढवालात भांगेच्या बियांची चटणी पिढ्यान् पिढ्या खाल्ली जाते आणि तिने कोणी झिंगत नाही, याचे कारण हेच.

पशुखाद्य म्हणूनही बी गुणाचे आहे. त्यात सुमारे एक चतुर्थांश प्रथिने असतात. तेल काढल्यावर पेंडीतील त्यांचे प्रमाण आणखी वाढते. ओमेगा-३ गटातील स्निग्धाम्लेही त्यात भरपूर असतात. कॅनडातील प्रयोगांत अंडी देणाऱ्या कोंबड्यांना हे बी किंवा त्याचे तेल दिल्यावर अंड्यांतील ओमेगा-३ चे प्रमाण वाढल्याचे दिसले. गाईच्या बाबतीत लाभ इतका सरळ नाही. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातील सूक्ष्मजीव यातील बऱ्याच स्निग्धाम्लांचे रूप दुधात उतरण्यापूर्वीच बदलून टाकतात. स्वीडनमधील एका प्रयोगात पेंडीचे प्रमाण वाढवत नेले, तेव्हा दूध एका मर्यादेपर्यंत वाढले आणि त्यापुढे घटले. पेंड उपयुक्त आहे, पण मोजून दिली तर, एवढाच याचा अर्थ.

पाल्याची गोष्ट वेगळी आहे. जर्मनीच्या जोखीम मूल्यांकन संस्थेतील संशोधकांनी २०२२ मध्ये दुभत्या होल्स्टीन गाईंवरील प्रयोग प्रसिद्ध केला. पाने, फुले आणि बिया यांचा मुरघास दिल्यावर गाईंचे खाणे कमी झाले, दूध घटले, हृदयाचे ठोके व श्वास मंदावले. काही गाई अडखळत चालू लागल्या. हा मुरघास औद्योगिक भांगेचाच होता. दुधात टीएचसीची कमाल पातळी किलोमागे ३०० मायक्रोग्रॅमच्या वर गेली. चारा बदलल्यावर लक्षणे ओसरली, परंतु असे दूध व त्याचे पदार्थ खाणाऱ्या माणसांच्या बाबतीत सुरक्षित मर्यादा ओलांडली जाऊ शकते, असा इशारा संशोधकांनी दिला.

ही मर्यादा युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ठरवलेली आहे: शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे एक मायक्रोग्रॅम. दहा किलो वजनाच्या बाळासाठी ती दहा मायक्रोग्रॅम होते. बाळ दिवसाला अर्धा लिटर दूध पीत असेल, तर दुधात किलोमागे २० मायक्रोग्रॅम टीएचसी असले तरी मर्यादा गाठली जाते. मोठ्या माणसाला जे प्रमाण जाणवणारही नाही, ते वजनाच्या मानाने अधिक दूध पिणाऱ्या लहान मुलांच्या वाट्याला येते.

हे सारे युरोपातील गोठ्यांपुरते आहे, असेही समजू नये. रानभांग चरणाऱ्या म्हशींचे दूध पिणाऱ्या लहान मुलांच्या लघवीत टीएचसीचे अवशेष आढळल्याची नोंद पाकिस्तानातील संशोधकांनी १९९० मध्येच केली होती. हिमालयाच्या पायथ्याची रानभांग सीमा ओळखत नाही.

आता कायद्याकडे वळू. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचे कलम १४ धागा, बी आणि उद्यानविद्येसाठी भांगेच्या लागवडीला वाव देते. उत्तराखंडने त्यासाठी टीएचसीची मर्यादा ०.३ टक्के ठेवली. नोव्हेंबर २०२१ मध्ये अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने भांगेचे बी, तेल व पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली आणि बियांसाठी टीएचसीची मर्यादा किलोमागे ५ मिलिग्रॅम ठरवली. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. ०.३ टक्के म्हणजे किलोमागे ३,००० मिलिग्रॅम. अन्नातील बियांच्या मर्यादेच्या ६०० पट. शेतात कायदेशीर असलेले झाड गव्हाणीतही निर्धोक असेल, असे या परवान्यावरून मुळीच सिद्ध होत नाही.

आणि गव्हाणीसाठी आकडा आहे कुठे? २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने ‘अन्न’ या शब्दाच्या व्याख्येतूनच पशुखाद्य वगळले आहे. भारतीय मानक ब्युरोची पशुखाद्यासाठी मानके आहेत. ती व्यापारी पशुखाद्यासाठी सक्तीची करण्याचा आदेश प्राधिकरणाने २०२० मध्ये काढला खरा, पण त्याच्या अंमलबजावणीची मुदत पुढे ढकलली गेली. म्हणजे कायदा शेतातल्या झाडाकडे पाहतो, डेअरीतल्या दुधाकडे पाहतो, आणि या दोहोंच्या मध्ये उभ्या असलेल्या जनावराच्या तोंडाशी येऊन थांबतो.

या पोकळीची किंमत आपण आधीच मोजत आहोत. २०१८ च्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणात तपासलेल्या ६,४३२ नमुन्यांपैकी ५.७ टक्के नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम-१ हे बुरशीजन्य विष मर्यादेपेक्षा अधिक निघाले. ते दुधात कोणी मिसळत नाही. बुरशी लागलेली पेंड, भरडा आणि वैरण यांतूनच ते येते. भांगेच्या पाल्याने या जुन्या वाटेवर एक नवा प्रवासी येईल, इतकेच.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला परंपरेचा: आपल्याकडे आजारी वा थकल्या जनावराला भांग देण्याची रीत जुनीच आहे. ती आहेच; १८९३-९४ च्या भांगविषयक आयोगासमोरही ती आली होती. पण औषधाची मात्रा आणि रोजची वैरण यांत फरक असतो. दुसरा आक्षेप विज्ञानाच्या नावाने येतो: कॅन्सस राज्य विद्यापीठाच्या प्रयोगात भांग खाल्लेल्या गुरांमधील ताणाची लक्षणे कमी झाली. तो प्रयोग बैलांवर होता, दुभत्या गाईंवर नव्हता. जनावराला बरे वाटते का, हा एक प्रश्न. त्याच्या दुधातून काय येते, हा दुसरा.

म्हणून मला बंदी नको आहे, क्रम हवा आहे. पाने, फुले व त्यांचा मुरघास दुभत्या जनावरांना देण्यास स्पष्ट मनाई असावी. युरोपीय प्राधिकरणाने २०११ मध्येच संपूर्ण झाडापासूनचे खाद्य अन्नोत्पादक जनावरांसाठी टाळावे, असा सल्ला दिला होता. पेंडीसाठी मानक ब्युरोने टीएचसीची मर्यादा ठरवावी आणि सुरुवात कोंबड्यांपासून करावी. अमेरिकेने २०१८ मध्ये लागवड खुली केली; अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठी पेंडीला मान्यता मिळायला मात्र २०२४ उजाडले, तीही मर्यादा घालूनच. कर्नालची राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्था आणि पंतनगरचे कृषी विद्यापीठ यांनी आपल्या देशी गाई-म्हशींवर चाचण्या घ्याव्यात. आणि या सर्वांच्या आधी संसदेने पशुखाद्याला अन्नसुरक्षेच्या कायद्यात जागा द्यावी.

डोंगरातील शेतकऱ्याला या पिकातून चार पैसे मिळत असतील, तर ते मिळालेच पाहिजेत. पण लागवडीच्या परवान्यावर सही होण्यापूर्वी उरलेला पाला कुठे जाईल, याचे उत्तर त्याच कागदावर लिहिलेले असावे. ते लिहिले गेले नाही, तर उत्तर गोठ्यात ठरेल आणि त्याची परीक्षा दूध पिणारी मुले देतील.