श्राव्यातीत ध्वनीची धुलाई

मुलांनो, पावसात भिजलेला मोबाइल दुरुस्तीस आला, म्हणजे अमरावती-अकोल्याकडील एखादा कारागीर त्यातील सर्किट बोर्ड कंप पावणाऱ्या द्रवाच्या टाकीत धुतो. ही कंपने सेकंदास सुमारे 40,000 असतात. मनुष्यास 20,000 पर्यंतचीच ऐकू येतात. म्हणून हा ध्वनी श्राव्यातीत होय. त्याच्या योगाने द्रवात सूक्ष्म बुडबुडे उत्पन्न होऊन फुटतात व फटींतला मळ सुटतो. परंतु जी शक्ती मळ काढते, तीच नाजूक भागही मोडू शकते. वेळ राखणारा क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदास 32,768 कंपने करतो. टाकीची कंपने त्याच्या जवळची असल्यामुळे तो भंगण्याचा संभव असतो. म्हणून जाणता कारागीर बॅटरी व कॅमेरा आधी काढतो, बोर्ड थोडाच वेळ धुतो, टाकीत पेट्रोल घालीत नाही, चालू टाकीत हात बुडवीत नाही आणि बोर्ड पुरता वाळल्यावाचून वीज जोडीत नाही. स्वच्छतेसही विवेकाची जोड हवी.