फुप्फुसातला वण



पाटीवर पेन्सिल आपण सर्वांनीच फिरवली आहे. ती घडवणाऱ्यांचा विचार मात्र क्वचितच केला असेल. मध्य प्रदेशात मंदसौर येथे दगड यंत्रावर कापून या पेन्सिली करीत. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, तपासलेल्या कामगारांपैकी निम्म्याहून अधिक जणांना सिलिकोसिस आढळला. सिलिकोसिस म्हणजे गारेच्या धुळीने फुप्फुसात पडणारे वण. गारेचा अंश असलेला दगड जिथे फोडतात, कापतात, किंवा फाउंड्रीत जिथे वाळूचे साचे करतात, तिथे हे भय असते.

आता हा वण पडतो कसा ते पाहू. ऊस तोडताना कोयता लागला, तर जखम भरते आणि निबर वण राहतो. हातावर तो फारसा नडत नाही. फुप्फुसात नडतो, कारण फुप्फुसाचे सारे काम मऊपणावर चालते.

आपल्या फुप्फुसांत सुमारे ४८ कोटी वायुकोश आहेत. हवेचे इवलेसे फुगेच म्हणा ना. त्यांच्या भिंतीवर दोन तऱ्हेच्या पेशी असतात. चपट्या पेशींतून प्राणवायू रक्तात उतरतो. ठेंगण्या पेशी एक स्निग्ध द्रव पाझरतात, म्हणून फुगे मिटून चिकटत नाहीत. चपटी पेशी मेली, की तिची जागाही याच भरून काढतात.

तिसरी भक्षक पेशी. ही घरातली झाडूवाली. धूळ आणि जंतू ती गिळून टाकते. पण गारेचा कण गिळला, की ती आतून फुटते आणि मरते. कण पुन्हा मोकळा! दुसरी भक्षक पेशी तोच कण गिळते, तीही मरते. या झटापटीत रासायनिक हाका सुटतात.

त्या हाका ऐकते चौथी पेशी, तंतुजनक पेशी. ही गवंडी. कोलॅजेन नावाचे चिवट धागे विणून ती जखम सांधते. हाक आली, की तिच्यातल्या काही रूप पालटतात, स्नायूसारख्या आकसतात आणि धागे भराभर विणतात. साध्या जखमेत काम संपले, की या पेशी नाहीशा होतात. इथे कण जात नाही, हाक थांबत नाही, आणि गवंडी गिलाव्यावर गिलावा चढवीतच राहतो. शेवटी खोलीच भरून जाते! माणसाला चार पावलांत धाप लागते.

एकदा पडलेला वण पुसून टाकणारे औषध आजही नाही. काम सोडल्यावरही रोग वाढू शकतो. भक्षक पेशी दुबळ्या झाल्याने क्षयही लवकर गाठतो.

तेव्हा धूळ तोंडाआधीच अडवली पाहिजे. दगडावर पाणी मारावे, यंत्र झाकावे, धूळ ओढून घेणारा पंखा बसवावा. ही व्यवस्था मालकाने करायची आहे. ती मागताना संकोच कसला? नुसता रुमाल बांधून भागत नाही, कारण घातक कण डोळ्यांना दिसतही नाहीत. दम लागू लागला, खोकला हटेना, तर दवाखान्यात छातीचा फोटो आणि थुंकी तपासून घ्या. आणि आपण काय काम करतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

गुरुजी, वर्गात श्वसनाचा धडा शिकवाल, तेव्हा ही गोष्टही सांगा. एखाद्या मुलाचा बाप खाणीवर जात असेल. मूल ती संध्याकाळी घरी नेईल.