आधी स्वर, मग लेखन

मूल आधी बोलू लागते, मग अक्षरे गिरविते. संगीताच्या शिक्षणात मात्र पुष्कळदा उलटा क्रम चालतो. ज्या मुलाने गंधार कानाने कधी ओळखलाच नाही, त्याच्यापुढे तो फळ्यावर लिहिला जातो! हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोदाय (१८८२–१९६७) यांना हे मान्य नव्हते. वाद्य महाग असते, कंठ प्रत्येकापाशी असतो. म्हणून आरंभ गायनाने, तोही परिचयाच्या लोकगीतांनी करावा, आणि स्वरलेखन मागाहून शिकवावे, असे त्यांचे मत होते. या विचारानुसार १९५० साली केच्केमेत शहरात रोज गायन शिकविणारी प्राथमिक शाळा निघाली. या पद्धतीतील पहिल्या गाण्यांत बहुधा दोनच स्वर असतात. आपल्या भाषेत पंचम आणि गंधार. अंगणातून सवंगड्याला घातलेल्या हाकेतही हेच अंतर पुष्कळदा ऐकू येते.