लांब केस गेले, टेप राहिली

सेक्स पिस्टल्सचा गायक जॉन लायडन याच्या अंगात पिंक फ्लॉइडचा टी-शर्ट होता आणि बँडच्या नावावर त्याने स्वतःच 'आय हेट' असं लिहिलं होतं. ही गोष्ट पंकच्या प्रत्येक इतिहासात येते. त्यापुढची गोष्ट मात्र सहसा गाळली जाते. १६ जुलै १९७७ रोजी, सेक्स पिस्टल्सचा दबदबा ऐन भरात असताना, लायडन आपल्या आवडीच्या रेकॉर्ड्स घेऊन लंडनच्या कॅपिटल रेडिओवर गेला. त्याने लावलं काय, तर कॅन, कॅप्टन बीफहार्ट, टिम बकली, पीटर हॅमिल. ज्यांना पंकवाल्यांनी म्हातारे ठरवून निकालात काढलं होतं, त्यांच्याच घराण्यातली ही मंडळी. मॅनेजर माल्कम मॅक्लॅरेनला हा प्रकार मुळीच रुचला नाही.

पंकनंतरच्या सात-आठ वर्षांत ब्रिटनमध्ये जे संगीत झालं, त्याला पोस्ट-पंक म्हणतात. त्यावर सायकेडेलिक रॉकचा प्रभाव होता हे आता कुणी नाकारत नाही. वाद आहे तो, हा प्रभाव आला कोणत्या वाटेने, याचा. माझं मत असं की हिप्पींचं तत्त्वज्ञान, शांतीचे नारे, फुलं यांपैकी काहीच या पोरांनी घेतलं नाही. त्यांनी घेतली ती स्टुडिओतली कारागिरी. एलएसडीचं काय, असं कुणी विचारेल. पंकची नशा बिअर आणि अँफेटामाइनची होती. सायकेडेलियाचा आवाज तोवर एलएसडीपासून सुटा झाला होता.

आणि घेतलं तेही निवडून. पिंक फ्लॉइड म्हणजे खरं तर दोन बँड. पहिला सिड बॅरेटचा, १९६७ चा: छोटी, चमत्कारिक गाणी, तारांवर घासलेला झिप्पो लायटर आणि त्यामागे बिन्सनचं इको यंत्र. दुसरा त्याच्यानंतरचा, पाऊण-पाऊण तासाच्या गांभीर्याचा. पोस्ट-पंकचं वैर होतं ते दुसऱ्याशी. 'द डॅम्ड'ला आपला दुसरा अल्बम बॅरेटने प्रोड्यूस करावा अशी इच्छा होती. बॅरेट तोवर सगळ्यांपासून दूर गेलेला. पदरात पडला ड्रमर निक मेसन. अल्बम पडला, हे ओघानेच आलं. 'वायर'चं बरं जमलं. १९७७ च्या 'पिंक फ्लॅग'मध्ये त्यांनी सुमारे पस्तीस मिनिटांत एकवीस गाणी कोंबली होती. पुढच्याच वर्षीच्या 'चेअर्स मिसिंग'मध्ये सिंथेसायझर आले, गिटारचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा झाला, आणि समीक्षकांना बॅरेटचा फ्लॉइड आठवला. दोन्ही अल्बम निघाले हार्वेस्टवर, म्हणजे फ्लॉइड ज्या लेबलवर होते त्याच लेबलवर.

या सगळ्याचा धागा एका माणसाच्या हातात सापडतो. जॉन लेकी १९७० साली ॲबी रोड स्टुडिओत टेप-ऑपरेटर म्हणून लागला. जॉर्ज हॅरिसनचं 'ऑल थिंग्ज मस्ट पास', लेननचं 'प्लॅस्टिक ओनो बँड', अशा ध्वनिमुद्रणांत तो उमेदवारी करत होता. १९७४ साली बॅरेटला पुन्हा गातं करण्याचा एक प्रयत्न झाला, तेव्हा इंजिनियर लेकीच होता. तीन दिवस काम चाललं. बॅरेट स्टुडिओतून बाहेर पडून कोणत्या बाजूला वळतो, त्यावरून तो आज परत येणार की नाही हे मंडळी ओळखत. हाती लागले काही अर्धवट गिटारचे तुकडे. चारच वर्षांनी, १९७८ मध्ये, लेकीने मॅगझिनचा पहिला अल्बम 'रिअल लाइफ' आणि एक्सटीसीचे पहिले दोन अल्बम प्रोड्यूस केले. लायडनच्या नव्या बँडच्या 'पब्लिक इमेज' या पहिल्या सिंगललाही त्याचा हात लागला. पाठोपाठ सिंपल माइंड्सचे तीन अल्बम आले.

या कारागिरीचा एक नमुना जवळून पाहू. एकच ध्वनिमुद्रण दोन टेपयंत्रांवर एकदम वाजवायचं आणि एकाचा वेग किंचित मागेपुढे करायचा. दोन्हींत काही सहस्रांश सेकंदांचं अंतर पडतं, काही कंपनं एकमेकांना मारतात, काही चढतात, आणि अंतर बदलत गेलं की आवाजातून एक भोवरा फिरत गेल्यासारखा वाटतो. हे फ्लॅंजिंग. १९६६ साली ॲबी रोडच्या केन टाउनसेंडने बीटल्सच्या आवाजासाठी यंत्रांची अशीच एक जोडणी केली होती. दहा वर्षांत ती करामत पायाने दाबायच्या एका डबीत मावली. मॅगझिनचा गिटारिस्ट जॉन मॅकगीऑक एमएक्सआरची अशी डबी वापरायचा. साठच्या दशकात हा भोवरा सुखाचा, तरंगण्याचा होता. मॅकगीऑकच्या हाती तो थंड, धातूचा झाला. ऐकताना अंगावर काटा येतो. पुढे तो सूझी अँड द बॅन्शीजमध्ये गेला आणि १९८२ चं 'अ किस इन द ड्रीमहाउस' घडलं. त्याच्या जाण्यानंतर, १९८३ मध्ये, बॅन्शीजनी लेननचं 'डिअर प्रुडन्स' गायलं. ऋषिकेशच्या आश्रमात सुचलेलं हे गाणं ब्रिटनच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर गेलं.

लिव्हरपूलमध्ये तर भूगोलच बोलका. नव्या पोरांचा अड्डा 'एरिक्स' मॅथ्यू स्ट्रीटवर, बीटल्सच्या कॅव्हर्नसमोर. तिथूनच टीअरड्रॉप एक्सप्लोड्स आणि एको अँड द बनीमेन पुढे आले. बनीमेनच्या 'पॉर्क्युपाइन'ची पहिली आवृत्ती कंपनीने परत पाठवली. मग गाणी पुन्हा केली आणि तंतुवाद्यांसाठी बोलावलं एल. शंकरना, म्हणजे 'शक्ती' या बँडमध्ये मुंबईच्या झाकीर हुसेनच्या जोडीने वाजवणाऱ्या व्हायोलिनवादकांना. त्यातलं 'द कटर' १९८३ च्या जानेवारीत आठव्या क्रमांकापर्यंत चढलं. हॅरिसनची सतार 'बघा, भारत आला' अशी दवंडी पिटते. शंकरचं व्हायोलिन इथे सरळ सुरीसारखं चालतं, म्हणून मला ते जास्त अस्सल वाटतं.

उघड कबुली मात्र १ एप्रिल १९८५ ला मिळाली. 'ड्यूक्स ऑफ स्ट्रॅटोस्फिअर' या अनोळखी बँडचं '२५ ओ'क्लॉक' बाजारात आलं. ड्यूक्स म्हणजे सोंग घेतलेले एक्सटीसी. प्रोड्यूसरच्या जागी लेकीसोबत 'स्वामी आनंद नगारा' हे नाव होतं, आणि तोही लेकीच. पुण्याच्या कोरेगाव पार्कात आश्रम थाटलेल्या रजनीशांचा तो संन्यासी झाला होता. या थट्टेच्या तबकडीने एक्सटीसीच्या आधीच्या गंभीर अल्बमपेक्षा जास्त खप केला.

चार वर्षांनी लेकीने मँचेस्टरच्या स्टोन रोझेसचा पहिला अल्बम केला. त्यात 'वॉटरफॉल' आहे, आणि त्याच्या लगेच पुढे 'डोन्ट स्टॉप' आहे: त्याच 'वॉटरफॉल'ची टेप उलटी फिरवून, तिच्यावर नवे शब्द चढवून केलेलं गाणं.