लाखेच्या तबकडीत मावलेला राम

एप्रिल १९५५मध्ये उस्ताद अली अकबर खाँ न्यूयॉर्कला सरोद घेऊन ध्वनिमुद्रणाला बसले आणि हिंदुस्थानी रागसंगीताची पहिली लाँग प्ले तबकडी तयार झाली. व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांनी तिची ओळख आपल्या आवाजात करून दिली. एका बाजूला एक राग, दुसऱ्या बाजूला दुसरा. कलावंताला सलग वीसेक मिनिटे मिळण्याची ती सुरुवात होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दत्तात्रेय विष्णू पलुस्कर मेंदूज्वराने गेले. वय अवघे ३४.

नाशिकला जन्मलेल्या या गायकाच्या नावाचे आज कितीतरी अल्बम मिळतात. भजनांचे वेगळे, रागदारीचे वेगळे. त्यातला एकही त्यांनी अल्बम म्हणून गायलेला नाही. भारतात लाँग प्ले तबकड्या निघू लागल्या त्या त्यांच्या पश्चात. त्यांची पहिली तबकडी १९४४ची, म्हणजे ध्वनिमुद्रणाला मिळाली ती जेमतेम अकरा वर्षे, आणि त्या अकरा वर्षांत हाताशी होता तो ७८ फेऱ्यांच्या तबकडीचा तीन-सव्वातीन मिनिटांचा वेळ, थोडा रेडिओ आणि अगदी थोडा सिनेमा. एवढ्या सामग्रीतून पुढच्या पिढ्यांनी त्यांचे अल्बम जुळवले. ते कसे घडले हे पाहू गेले, की सुरुवात स्टुडिओत होत नाही, पंचवटीत होते.

त्यांचे वडील पंडित विष्णू दिगंबर पलुस्कर. हे नाव महाराष्ट्राला सांगावे लागत नाही. १८७२ साली कुरुंदवाडला जन्म, लहानपणी फटाक्याच्या अपघाताने अधू झालेली दृष्टी, मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ग्वाल्हेर गायकीची तालीम आणि १९०१ साली लाहोरला स्थापन केलेले गांधर्व महाविद्यालय. घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ, गाव सांगलीजवळचे पलूस. मुंबईत त्यांनी विद्यालयाची मोठी इमारत उभारली. कर्जापायी ती हातची गेली. पुढे त्यांचे चित्त नाशिकला, गोदाकाठच्या पंचवटीत स्थिरावले. तिथे त्यांचा रामनाम आधाराश्रम होता. राजदरबारांतून आणि काँग्रेसच्या अधिवेशनांतून गाजलेला हा गवई अंगावर भगवी वस्त्रे घालून तुलसीरामायणावर प्रवचने करू लागला. लौकिकात हा काळ पडतीचा म्हणून सांगितला जातो. मला तो तसा वाटत नाही. संगीत हे ईश्वराच्या दारात उभे राहण्याचे साधन आहे, ही त्यांची जुनी धारणा या काळात पूर्ण उघडी झाली.

या घरात २८ मे १९२१ रोजी बापूरावांचा जन्म झाला. दत्तात्रेयांना घरी आणि संगीतविश्वात बापूराव म्हणत. आई-वडिलांना बारा मुले झाली, त्यांतले हे एकच जगले. दहाव्या वर्षी, ऑगस्ट १९३१मध्ये, वडीलही गेले. विष्णू दिगंबरांची प्रत्यक्ष तालीम मुलाला फारशी मिळालीच नाही. ती मिळाली वडिलांच्या शिष्यांकडून: पुण्याचे विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास आणि घरातलेच चिंतामणराव पलुस्कर. पुढे मिराशीबुवांकडूनही त्यांनी विद्या घेतली. गुरूंनी शिष्यांना दिलेले ते शिष्यांनी गुरुपुत्राला परत केले. वडिलांनी मात्र थेट दिले ते आश्रमातले रोजचे रामनाम, रामायणाचे पठण, भजनाची बैठक. पहिल्या दहा वर्षांत कानावरून गेलेले कधी पुसत नाही.

त्या पंचवटीची दुसरी बाजूही इथेच सांगायला हवी. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली, दादासाहेब गायकवाडांच्या साथीने, काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. रामाच्या दारात माणसे उभी होती आणि दार बंद होते. त्यानंतर दहाच दिवसांनी साबरमतीहून दांडीयात्रा निघाली. तिच्यात विष्णू दिगंबरांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे चालत होते आणि जी रामधून यात्रेच्या ओठावर होती तिची रूढ चाल विष्णू दिगंबरांची मानली जाते. एकाच महिन्यात एक राम दांडीच्या वाटेवर सर्वांचा झाला होता आणि एक राम नाशिकला कुलुपात होता. बापूराव तेव्हा नववे वर्ष पुरे करत होते. पुढे त्यांच्या गळ्यातून निघालेला राम तबकडीवर गेला आणि तबकडी कोणाच्याही घरी वाजते, ती ऐकणाऱ्याला जात विचारत नाही. देवळाचे दार उघडण्याची लढाई याने काही सोपी होत नव्हती, आणि तिची जागा भजनाने घ्यावी असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण रामनामाला उंबरठा नसलेली एक जागा या यंत्राने दिली, हेही खरे.

आता यंत्राकडे वळू. दहा इंची तबकडी मिनिटाला ७८ फेऱ्या घेते आणि तिच्या एका बाजूवर जेमतेम सव्वातीन मिनिटे मावतात. तिचा जीव लाखेत. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर लाखेचे किडे वाढतात, छोटा नागपूरचा प्रदेश त्यासाठी प्रसिद्ध. त्या लाखेत दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळून तापवलेल्या लगद्यावर साचा दाबला, की तबकडी तयार. कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यातून अशा तबकड्या देशभर जात. मूळ ध्वनिमुद्रण व्हायचे ते मात्र मेणाच्या जाड चकतीवर. मायक्रोफोनमधून आलेला आवाज सुईला हलवी आणि सुई मेणात खाच कोरत जाई. मेणावरून धातूचा साचा निघे.

या पद्धतीची एक अट आज कोणाच्या लक्षात येत नाही. मेणावर कोरलेले गाणे वाजवून पाहिले तर ते बिघडे. म्हणजे गायकाला आपण काय गायलो हे लगेच ऐकायची सोय नाही. तुकडे जोडायची सोय नाही. एक सूर निसटला, तबल्याची एक थाप चुकली, तर मेणाचा थर तासून टाकायचा आणि पहिल्या मात्रेपासून पुन्हा गायचे. रागाचा सगळा आवाका, बंदिशीची स्थायी, अंतरा, बोलताना, ताना आणि शेवटची सम हे सगळे सव्वातीन मिनिटांत एका दमात आणि एकसंध यायला हवे.

गणित करून पाहावे. द्रुत तीनतालात मिनिटाला दोनशे मात्रांची लय धरली तर सोळा मात्रांचे आवर्तन पाच सेकंदांच्या आत संपते. तबकडीच्या एका बाजूवर चाळीसेक आवर्तने मिळतात. एवढ्यात बंदिश नीट मांडता येते. विलंबित एकतालात एकेका मात्रेला दोन सेकंद दिले तर बारा मात्रांचे आवर्तन चोवीस सेकंदांचे होते, सगळी बाजू आठ आवर्तनांतच भरते. बढत करायला वावच नाही. बडा ख्याल हा ख्यालगायनाचा कणा, आणि या तबकडीवर तो पुरता उभाच राहू शकत नव्हता. म्हणून त्या पिढीच्या तबकड्या द्रुत बंदिशींनी, तराण्यांनी, ठुमऱ्यांनी, नाट्यपदांनी आणि भजनांनी भरलेल्या आहेत.

या मर्यादेत गाण्याची विद्या बापूरावांना घरातूनच मिळाली होती. त्यांचे गुरू नारायणराव व्यास हे तबकड्यांच्या जमान्यातले अत्यंत लोकप्रिय गायक. रागाचा चेहरा पहिल्या ओळीत दाखवायचा, अंतऱ्याला उशीर करायचा नाही, तान अशी ठेवायची की ती संपताना मुखडा आपोआप हातात येईल, हे त्यांनी आधीच सिद्ध केले होते. ग्वाल्हेर गायकी या कामाला अनुकूलही होती. बंदिश पूर्ण म्हणणे, शब्द स्वच्छ उच्चारणे, आकार मोकळा ठेवणे आणि गायनाची सगळी अंगे प्रमाणात मांडणे ही तिची शिस्त. तिच्यावर बापूरावांनी स्वतःचे काय चढवले, तर आवाजाचा गोडवा. हा गोडवा वरून लावलेला नव्हता. स्वर जागेवर अचूक लागला आणि त्यामागे ताण नसला, की जे होते ते त्यांच्या गाण्यात होई.

त्यांचा गौड सारंग घ्या. हा राग वाकड्या चालीचा. ‘ग रे म ग’ ही त्याची खूण, सरळ चढण त्याला मानवत नाही. अशा रागात घाईने गाणारा गायक एक तर खूण घोटत बसतो, नाही तर तिला विसरून तानेत वाहून जातो. बापूरावांच्या तबकडीत बंदिशीचा मुखडाच ती खूण घेऊन येतो, त्यामुळे राग सिद्ध करण्यात एक क्षणही खर्च होत नाही. मग वेळ उरतो. तीन मिनिटांच्या गाण्यात वेळ उरल्याचा भास देणे, हेच मला त्यांच्या तबकड्यांचे सर्वांत मोठे यश वाटते. नोटेशन लिहून काढायला बसले तर किती सामग्री आली आहे ते पाहून आश्चर्य वाटते. ऐकताना ती दाटीवाटी जाणवत नाही.

भजनात त्यांनी याहून अवघड गोष्ट साधली. ‘ठुमक चलत रामचंद्र’ हे तुलसीदासांचे पद किंवा ‘पायोजी मैंने’ हे मीरेच्या नावाने गायले जाणारे पद. ही पदे गाताना शास्त्रीय गायकाला मोह होतो की जागा घ्याव्यात, सरगम करावी, तयारी दाखवावी. बापूरावांची हरकत येते ती शब्दाच्या पाठीमागून, त्याला झाकत नाही. बाळ रामाच्या दुडक्या चालीचे वर्णन असेल तर लय ती चाल धरते, आणि गायक तिच्या पुढे धावत नाही. आश्रमात जे ऐकले ते हेच असणार: पद समूहासाठी असते, ऐकणाऱ्याला सोबत म्हणता आले पाहिजे. विष्णू दिगंबरांनी भजन मैफलीत प्रतिष्ठेने आणले. त्यांच्या मुलाने ते घराघरांत नेले. ‘आत्म्याचे गाणे’ असे ज्या गायनाला जगभर म्हणतात, त्यात बहुधा आर्त हाक, फुटणारा आवाज, ओसंडणारी भावना अभिप्रेत असते. बापूरावांची भक्ती त्याच्या अगदी उलट टोकाला आहे. ती शांत आहे, तिला कोणाला काही पटवायचे नाही. मला तिची खोली त्या आर्ततेहून कमी वाटत नाही.

सिनेमात ते दोनदाच गेले. १९५२च्या विजय भट्ट यांच्या ‘बैजू बावरा’त नौशाद यांनी तानसेन आणि बैजूच्या सामन्यासाठी उस्ताद अमीर खाँ आणि बापूराव यांना एकत्र आणले, राग देसी. तानसेन अमीर खाँच्या आवाजात, बैजू बापूरावांच्या. कथेच्या सोयीसाठी बैजू जिंकतो, पण ऐकणाऱ्याला त्या जुगलबंदीत दोन गायकींचा परस्परांविषयीचा आदर ऐकू येतो. दुसरा चित्रपट हेमंतकुमार यांच्या संगीताचा बंगाली ‘शापमोचन’, १९५५चा. त्याच वर्षी ते भारतीय सांस्कृतिक शिष्टमंडळातून चीनलाही जाऊन आले होते.

रेडिओने त्यांना तबकडीने नाकारलेला वेळ दिला. आकाशवाणीवर सलग गाता येई, विलंबित ख्याल मांडता येई. १९४०पासून आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली होती, ती १९७१पर्यंत टिकली. त्यामुळे त्यांच्या हयातीतल्या रेडिओ गायनात पेटीचा आधार नसे. हा निर्णय वादग्रस्त होता आणि पेटीवादकांवर त्याने अन्याय केला, पण बापूरावांच्या बाबतीत त्याचा एक परिणाम असा, की स्वर कुठे लागतो ते आज उघडे ऐकू येते. त्यांचा श्री ऐकावा. कोमल ऋषभावर ते जिथे थांबतात तिथे त्यांना आधार तंबोऱ्याचा आणि स्वतःच्या कानाचा. तबकडीवरचा प्रसन्न तरुण गायक या रागात एकदम वयाने वाढतो. भजनांवरून जे त्यांना ओळखतात त्यांना हा गायक अनोळखी वाटेल.

अडचण नेमकी इथे आहे. त्यांच्या पश्चात ध्वनिमुद्रिका कंपनीने जुन्या तबकड्यांवरून लाँग प्ले काढल्या, पुढे कॅसेट, सीडी. आकाशवाणीच्या मुद्रणांतून रागदारीचे अल्बम निघाले. या सगळ्यांचे ऋण मोठे आहे, नाहीतर लाखेच्या तबकड्या फुटून संपल्या असत्या. पण वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या दिवशी गायलेली पदे एका माळेत ओवली, की ती एका बैठकीत गायल्यासारखी वाटतात. कोणते पद तेविसाव्या वर्षी गायले आणि कोणते शेवटच्या दोन वर्षांत, हे श्रोत्याला कळत नाही. आवाज कसा पक्व होत गेला, विनायकरावांचे वळण कुठे सुटले आणि स्वतःचे कुठे आले, हा सगळा प्रवास सपाट होतो. भजनांचे संग्रह अधिक खपले, म्हणून भजनगायक ही ओळख घट्ट झाली आणि ख्यालगायक मागे पडला. त्या अकरा वर्षांतली त्यांची सर्वांत मोठी झेप ख्यालात होती, असे माझे मत आहे.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. त्या काळच्या तबकडीच्या कागदी चकतीवर गायकाचे नाव, रागाचे नाव आणि क्रमांक असे. साथीदारांची नावे बहुधा नसत. मेणाचा थर तासला जाऊ नये म्हणून गायकाइतकीच ज्यांची छाती धडधडत असेल, ते तबलजी आणि तंबोऱ्यावर बसलेले शिष्य त्या मुद्रणात आहेत, पण नावाशिवाय. चाळीस आवर्तनांत एकही मात्रा न हलवणारा तबलजी हा त्या गाण्याचा निम्मा कर्ता असतो.

हा सपाट झालेला प्रवास आणि ही हरवलेली नावे परत मिळवण्याचे काम नाशिकने हाती घ्यावे. बापूरावांचे सगळे उपलब्ध गायन वर्षवारीने लावायचे, प्रत्येक तबकडीच्या दोन्ही बाजू जशा निघाल्या तशा शेजारी ठेवायच्या, रेडिओची मुद्रणे तारखेसह जोडायची, आणि कंपनीच्या नोंदींतून, आकाशवाणीच्या कागदांतून साथीदारांची जितकी नावे सापडतील तितकी छापायची. ७८ फेऱ्यांच्या तबकड्या जपणारे संग्राहक महाराष्ट्रात अजून आहेत आणि ते उदार असतात. सुरुवात १९४४च्या पहिल्या तबकडीपासून करावी.