कर शून्य, तरी तारीख लागू : आयकर व जीएसटीच्या मुदती कशा सांभाळाव्यात

‘माझे उत्पन्न थोडे आहे, मला कर लागत नाही, मग तारखांशी माझा काय संबंध?’ असे अनेक लाभार्थ्यांना वाटते. कर भरणे आणि विवरणपत्र भरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कर शून्य असला तरी काही तारखा लागू राहतात. त्या चुकल्यास विलंब शुल्क लागते, कापलेली रक्कम अडकते किंवा कर्जाच्या वेळी कागद अपुरे पडतात. कोणती तारीख कोणाला लागू आहे, हे येथे दिले आहे.

ही माहिती कोणासाठी आहे?

- मुदत ठेव किंवा ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत पैसे ठेवणारे
- मुद्रा किंवा पीएम स्वनिधी कर्ज घेतलेले छोटे व्यावसायिक
- जीएसटी नोंदणी असलेले दुकानदार
- पीएम किसान किंवा अटल पेन्शन योजनेचे लाभार्थी

कर शून्य असूनही विवरणपत्र कधी भरावे लागते?

आर्थिक वर्ष 2024-25 साठी नव्या कर प्रणालीत 3 लाख रुपयांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त आहे. 3 ते 7 लाखांच्या दरम्यान सर्वसाधारण उत्पन्नावर कर येतो, पण कलम 87अ ची सवलत मिळून तो शून्य होतो. ही सवलत विवरणपत्र भरण्यापासून सूट देत नाही. उत्पन्न 3 लाखांच्या वर गेले की विवरणपत्र भरणे बंधनकारक आहे.

उदाहरणार्थ, वार्षिक उत्पन्न 4,50,000 रुपये असेल तर कर शून्य होईल. मात्र मुदतीनंतर विवरणपत्र भरल्यास 1,000 रुपये विलंब शुल्क लागेल. उत्पन्न 6 लाख असेल तरीही कर शून्यच, पण शुल्क 5,000 रुपये. उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या आत असेल आणि विवरणपत्र भरण्याचे अन्य बंधन नसेल, तर हे शुल्क लागत नाही.

आर्थिक वर्ष 2025-26 साठी करमुक्त मर्यादा 4 लाख आणि सवलतीची मर्यादा 12 लाख रुपये झाली आहे. ‘12 लाखांपर्यंत कर नाही’ याचा अर्थ ‘12 लाखांपर्यंत विवरणपत्र नको’ असा होत नाही.

उत्पन्न कमी असूनही बंधन येऊ शकते. वर्षभरात 1 लाख रुपयांहून अधिक वीजबिल भरले असेल किंवा व्यवसायाची उलाढाल 60 लाखांच्या वर असेल, तर विवरणपत्र भरावेच लागते.

मुदत चुकली असेल तर काय करावे?

लेखापरीक्षण लागू नसलेल्या व्यक्तींची नेहमीची मुदत 31 जुलै असते. 2025 मध्ये ती आधी 15 सप्टेंबर आणि नंतर 16 सप्टेंबरपर्यंत वाढवली गेली. ज्यांची ही तारीख चुकली, त्यांना 31 डिसेंबर 2025 पर्यंत विलंबित विवरणपत्र भरता येते. आधी भरलेल्या विवरणपत्रात चूक असल्यास सुधारित विवरणपत्राचीही हीच शेवटची तारीख आहे.

31 डिसेंबरनंतर अद्ययावत विवरणपत्राचा मार्ग उरतो. त्यात जादा कर भरावा लागतो आणि परतावा मागता येत नाही. म्हणून ज्यांचे पैसे कापले गेले आहेत, त्यांनी 31 डिसेंबर चुकवू नये.

मुदतवाढ ज्या कामासाठी जाहीर होते, त्या कामापुरतीच असते. 2025 मध्ये विवरणपत्राची मुदत वाढली, पण आगाऊ कराची 15 सप्टेंबर ही तारीख तशीच राहिली.

विवरणपत्र भरले, पण पडताळणी केली का?

विवरणपत्र दाखल केल्यापासून 30 दिवसांत त्याची पडताळणी करावी लागते. आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने ती लगेच होते. पडताळणी केलीच नाही तर विवरणपत्र भरलेच नाही असे मानले जाते. 30 दिवसांनंतर केली तर पडताळणीचा दिवस हाच भरल्याचा दिवस धरला जातो.

सेवा केंद्रातून काम करून घेत असाल तर पडताळणी होईपर्यंत तेथेच थांबा आणि पोचपावतीची प्रत घ्या. नुसते ‘झाले’ एवढ्यावर परत येऊ नका.

व्याजावर कापला जाणारा कर कसा टाळावा?

1 एप्रिल 2025 पासून बँक किंवा टपाल कार्यालयातील व्याज वर्षाला 1 लाख रुपयांच्या वर गेल्यास ज्येष्ठ नागरिकांच्या व्याजातून 10 टक्के टीडीएस कापला जातो. इतरांसाठी ही मर्यादा 50,000 रुपये आहे. खात्याला पॅन जोडलेले नसेल तर कपात 20 टक्के होते.

समजा, एका ज्येष्ठ नागरिकाने बचत योजनेत 15 लाख रुपये ठेवले आहेत. 8.2 टक्के दराने वर्षाचे व्याज 1,23,000 रुपये होते. निवृत्तिवेतन धरून त्यांचे एकूण उत्पन्न 3 लाखांच्या आसपास आहे, म्हणजे कर लागत नाही. तरीही 15एच अर्ज दिला नाही तर 12,300 रुपये कापले जातील.

- 60 वर्षे पूर्ण झालेल्यांनी 15एच, तर त्याखालील पात्र व्यक्तींनी 15जी अर्ज द्यावा.
- अर्ज एकाच आर्थिक वर्षापुरता चालतो. दरवर्षी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नवा द्यावा.
- दोन बँकांत ठेवी असतील तर दोन्हीकडे द्यावा.
- एकदा कापून सरकारजमा झालेली रक्कम बँक परत देत नाही. ती विवरणपत्र भरूनच मिळते. किती कापले गेले ते फॉर्म 26एएस मध्ये दिसते.

आगाऊ कर कोणाला भरावा लागतो?

टीडीएस वजा जाता वर्षाचा कर 10,000 रुपये किंवा अधिक होत असेल तर तो चार हप्त्यांत भरायचा असतो : 15 जून, 15 सप्टेंबर, 15 डिसेंबर आणि 15 मार्च. कलम 44अड खाली अंदाजित नफा दाखवणाऱ्या छोट्या व्यावसायिकांना 15 मार्चपर्यंत एकाच वेळी भरता येतो. व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठ नागरिकांना आगाऊ कर लागू नाही.

जीएसटी नोंदणी असल्यास

- कंपोझिशन योजना : तिमाही संपल्यावर पुढील महिन्याच्या 18 तारखेपर्यंत सीएमपी-08 आणि वार्षिक जीएसटीआर-4 हे 30 जूनपर्यंत.
- दरमहा विवरणपत्र भरणारे : जीएसटीआर-1 पुढील महिन्याच्या 11 तारखेपर्यंत, जीएसटीआर-3ब 20 तारखेपर्यंत.
- तिमाही विवरणपत्र भरणारे : जीएसटीआर-1 तिमाहीनंतर 13 तारखेपर्यंत. जीएसटीआर-3ब ची तारीख राज्यानुसार ठरते. महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, मध्य प्रदेश, गुजरात व तेलंगणात ती 22, तर दिल्ली व उत्तर प्रदेशात 24 आहे. पहिल्या दोन महिन्यांचा कर मात्र पुढील महिन्याच्या 25 तारखेपर्यंत भरायचा असतो.

महिनाभर विक्री झाली नाही तरी शून्य विवरणपत्र भरावे लागते. जीएसटीआर-3ब ला उशीर झाल्यास दिवसाला 50 रुपये, शून्य विवरणपत्रासाठी 20 रुपये शुल्क चढत जाते. दुकान बंद केले असेल तर नोंदणी रद्द करण्याचा अर्ज करा. अर्ज न करता विवरणपत्रे थांबवली तर शुल्क चढतच राहते.

विवरणपत्र भरल्याने योजनेचा लाभ बंद होतो का?

पीएम किसानच्या नियमात मागील करनिर्धारण वर्षात आयकर भरलेली व्यक्ती असलेले कुटुंब अपात्र ठरते. अटल पेन्शन योजनेत 1 ऑक्टोबर 2022 पासून आयकरदात्याला नव्याने सामील होता येत नाही. दोन्ही ठिकाणी मुद्दा कराचा आहे, विवरणपत्राचा नाही. कर शून्य असलेले विवरणपत्र भरल्यास त्याची पोचपावती जपून ठेवा. पात्रतेबद्दल विचारणा झाली तर तीच दाखवता येते. मोठ्या कर्जासाठी बँक मागील वर्षांची विवरणपत्रे मागते, तेव्हाही ती उपयोगी पडते.

भिंतीवर लावण्यासाठी तारखा

- 15 डिसेंबर 2025 : आगाऊ कराचा तिसरा हप्ता
- 31 डिसेंबर 2025 : 2024-25 चे विलंबित किंवा सुधारित विवरणपत्र
- 18 जानेवारी 2026 : सीएमपी-08
- 22 किंवा 24 जानेवारी 2026 : तिमाही जीएसटीआर-3ब
- 15 मार्च 2026 : आगाऊ कराचा शेवटचा हप्ता
- एप्रिल 2026, पहिला आठवडा : टीडीएस टाळण्याचा अर्ज

1 एप्रिल 2026 पासून आयकर कायदा, 2025 लागू होत आहे. त्यानंतर अर्जांचे नमुने व क्रमांक बदलू शकतात. बँकेत जाल तेव्हा चालू नमुनाच मागून घ्या आणि तारखा आयकर विभागाच्या ई-फायलिंग पोर्टलवर पाहा.

सावधान : ‘तुमचा परतावा मंजूर झाला आहे, दुव्यावर क्लिक करा’ असे संदेश फसवे असतात. परतावा पडताळणी केलेल्या बँक खात्यात थेट जमा होतो. त्यासाठी कोणालाही फोनवर ओटीपी, कार्ड क्रमांक किंवा पिन देऊ नका.