वृद्ध वडिलांकरितां घरगुती संगणक : अनुभव व खर्चाचा हिशेब

बैल विकत घेतांना आपण त्याचे दांत पाहतों, खूर पाहतों आणि तो कोणत्या कामाला हवा हें आधीं ठरवितों. संगणक घेतांना मात्र पुष्कळ सुज्ञ शेतकरी दुकानदार देईल तें यंत्र मुकाट्यानें घरीं आणतात. वृद्ध आईबापांकरितां यंत्र घ्यावयाचें असेल तर हा निष्काळजीपणा दुप्पट महाग पडतो; पैसे तर जातातच, शिवाय यंत्र वापराविना कोपऱ्यांत पडून राहतें. प्रस्तुत लेखकानें यांतील अर्धी चूक स्वतः केली व पुढें ती सुधारली. तो वृत्तांत शेतकरी बंधूंच्या उपयोगीं पडावा या हेतूनें येथें देत आहें.

माझे वडील ८२ वर्षांचे असून सोलापूर जिल्ह्यांतील आमच्या गांवीं राहून ज्वारी व तूर यांची शेती अद्याप स्वतः पाहतात. त्यांस मराठी उत्तम वाचतां येतें. परंतु डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतरही बारीक अक्षर लागत नाहीं. सातबारा फोनवर दिसतो खरा, पण मुंगीएवढ्या अक्षरांत. म्हणून उतारा पाहावयाचा झाला कीं ते तालुक्याच्या गांवीं जात व तेथील सेवा केंद्रांतील मुलाकडून तो वाचवून घेत. एकदां ते मला म्हणाले, “अरे, जमीन माझी, नांव माझें, अन् वाचून दाखवायला माणूस परका!” ज्याची सारी नोकरी महसुली दप्तरांत गेली, अशा मुलाला हे शब्द लागल्याशिवाय कसे राहतील?

नव्या तयार संगणकाची किंमत एका दुकानदारानें ३८,००० रुपये सांगितली. वडिलांच्या कामास तेवढ्या ताकदीची गरज नव्हती. त्याच सुमारास, म्हणजे १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं, मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा मोफत पाठिंबा थांबविला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नांवाची सुरक्षेची सोय व ठराविक पिढीपुढील प्रोसेसर लागतो. त्यामुळें इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतचीं बहुतेक यंत्रें, धडधाकट असूनही, कचेऱ्यांतून बाहेर पडूं लागलीं. दिवाळीनंतर पुण्याच्या तपकीर गल्लींत हिंडून सहाव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर व ८ जीबी रॅम असलेली एक लहान पेटी मीं ६,५०० रुपयांस घेतली. चालू करून दाखविल्याशिवाय पैसे दिले नाहींत, हें सांगणें नलगे.

इतर खर्च असा झाला : २५६ जीबीची नवी एसएसडी १,८०० रुपये, २२ इंची वापरलेला पडदा २,५०० रुपये, कळफलक व माऊस ७०० रुपये, कॅमेरा ९०० रुपये, स्पीकर ४०० रुपये, यूपीएस २,६०० रुपये, आणि पेस्ट व घड्याळाचा सेल मिळून १५० रुपये. एकूण १५,५५० रुपये. काटकसर करावयाची असल्यास पेटींत करावी. पडदा व यूपीएस यांत करूं नये. डोळे अधू असलेल्या माणसास पडदा हाच खरा संगणक होय. वीज अचानक गेली असतां यूपीएस यंत्र नीट बंद करण्यापुरता अवधि देतो.

जोडणीचें काम विळी-कोयत्याला मूठ बसविण्याइतकें सोपें नाहीं, पण इंजिन खोलण्याइतकें अवघडही नाहीं. प्रथम वायर काढून ठेवावी. पेटी उघडल्यावर तिच्या धातूच्या भागास हात लावून मगच आंतील वस्तूंस स्पर्श करावा; अंगांतील स्थिर वीज नाजूक भागांस बाधते. आंतील धूळ अंगणांत मऊ ब्रशानें झाडावी. प्रोसेसरवरील वाळलेली जुनी पेस्ट पुसून तुरीच्या दाण्याएवढी नवी पेस्ट लावावी, म्हणजे उष्णता पंख्याच्या जोडाकडे नीट वाहून जाते. जुनी फिरती डिस्क काढून एसएसडी बसवावी. आमच्या पेटीचा वेग वाढला तो मुख्यत्वें यामुळेंच. सीआर २०३२ जातीचा ३ व्होल्टचा सेल अवश्य बदलावा. तो मेला कीं यंत्राचें घड्याळ मागें पडतें आणि तारीख चुकली कीं अनेक संकेतस्थळें उघडत नाहींत. शेवटीं भिंतीवरील तीन पिनांच्या जोडणीला खरोखर अर्थिंग आहे कीं नाहीं, हें वायरमनकडून पाहून घ्यावें.

प्रणाली म्हणून लिनक्स मिंट घातली. ती विनामूल्य मिळते, पेनड्राइव्हवरून बसवितां येते आणि तिच्यांत मराठी भाषा व इनस्क्रिप्ट कळफलक यांची सोय आहे. इनस्क्रिप्टमध्यें स्वर डाव्या हाताला व व्यंजनें उजव्या हाताला असल्यामुळें बाराखडी जाणणाऱ्यास कळा लवकर सांपडतात. इंटरनेटकरितां निराळी जोडणी घेतली नाहीं. घरांतील फोन वायरीनें संगणकास जोडला कीं काम भागतें.

येथपर्यंत सर्व ठीक झालें. माझी चूक पुढें झाली. वडिलांस कांहींच कमी पडूं नये म्हणून मीं पडद्यावर पंधरा चिन्हें मांडलीं : वर्तमानपत्रें, भजनें, बँक, रेल्वे, आणि काय काय! दोन तासांत सर्व समजावून पुण्यास परतलों. तीन आठवड्यांनीं गांवीं गेलों तों संगणकावर धुतलेला पंचा अंथरलेला आणि वडील उतारा पाहावयास पुन्हा तालुक्याला जाऊन आलेले! विचारलें तेव्हां म्हणाले, “चुकीचें कांहीं दाबलें तर तुझे पैसे वाया जातील.” मीं यंत्र माझ्या हौसेप्रमाणें मांडलें होतें, त्यांची गरज काय, हें विचारलेंच नव्हतें.

त्या दिवशीं त्यांस शेजारीं बसवून विचारलें, तेव्हां कामें चारच निघालीं : सातबारा, बाजार समितीचे भाव, हवामानाचा अंदाज आणि पुण्यांतील नातवंडांशीं समोरासमोर बोलणें. अकरा चिन्हें काढून टाकलीं. उरलेलीं चार लिंबाएवढीं केलीं आणि अक्षर दुप्पट वाढविलें. महाभूलेखवर चित्रांत दिसणारीं इंग्रजी अक्षरें पुन्हा टंकावीं लागतात. त्याकरितां माझ्या मुलीनें लहान व मोठ्या लिपींतील अक्षरांचा एक तक्ता भिंतीवर लावून दिला. मग मी चार दिवस राहिलों, पण माऊसला हात लावला नाहीं. सर्व त्यांच्याच हातून करवून घेतलें.

तिसऱ्या दिवशीं वडील पडद्याजवळ वांकून बराच वेळ पाहत राहिले व म्हणाले, “हें माझ्या वडिलांचें नांव नव्हे. ह्यांतला काना गेला आहे.” पाहतों तों खरेंच! संगणकावर नक्कल उतरतांना एक काना गळला होता. तो उतारा मीं स्वतः अनेक वेळां चाळला होता आणि मला तो दिसला नव्हता. एका कान्यानें उद्यां वारस नोंद किंवा पीककर्ज अडूं शकतें. म्हणून जुना हस्तलिखित उतारा जोडून, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खालीं लेखनप्रमादाच्या दुरुस्तीकरितां तहसीलदारांकडे अर्ज दिला आहे. अर्जाचा मजकूर वडिलांनीं सांगितला, मीं फक्त लिहिला.

दोन सूचना देऊन लेख पुरा करितों. महाभूलेखवर मोफत दिसणारा उतारा केवळ माहितीकरितां असतो. सरकारी कामास शुल्क भरून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घ्यावा. दुसरें, वृद्धांच्या संगणकावर बँकेचा व्यवहार ठेवूं नये. कोणी फोन करून ओटीपी मागितला किंवा एखादें ॲप घालावयास सांगितलें तर फोन ठेवून द्यावा, हें त्यांस पुनःपुन्हा सांगावें. फसवणूक झालीच तर विनाविलंब १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

आपण आईबापांस यंत्र देतों तें त्यांचें काम आपण केल्याचें समाधान मिळावें म्हणून नव्हे, तर त्यांचें काम त्यांस स्वतः करतां यावें म्हणून. तेव्हां बाजारांत जाण्यापूर्वीं, बंधूंनो, एक दिवस त्यांच्याजवळ बसा आणि त्यांस काय हवें तें विचारा. आमच्या घरीं पंचा आतां पुन्हा दोरीवर वाळत असतो.